प्रति: बिटाचं लोणचं वर्षभर टिकवायचं तर

बाटल्या दहा मिनिटं उकळल्या की व्हिनेगरमधलं बीट वर्षभर टिकतं, असं वर लिहिलंय. उकळायच्या हे बरोबर, पण दहा मिनिटं कमी आहेत. अमेरिकी कृषी खात्याच्या कृतीत समुद्रसपाटीजवळ ३० मिनिटं दिली आहेत. पुणं साधारण ५६० मीटर उंचीवर, इथे पाणी १०० अंशांच्या आतच उकळतं, म्हणून ३५ धरा. शिवाय व्हिनेगर ५ टक्क्यांचंच हवं. बोटुलिझम या जीवघेण्या अन्नविषबाधेच्या जंतूंचे बीजाणू उकळूनही मरत नाहीत, त्यांना आंबटपणाच रोखतो. दुकानात ४ टक्केवालंही मिळतं, तेव्हा लेबल वाचा; तसलं वापरलंत तर बरणी सरळ फ्रिजमध्ये.

आणि मंडईतून आणलेलं बीट उकडताना बोटभर देठ आणि शेपटी राहू द्या. रंग पाण्यात उतरत नाही, साल नंतर अंगठ्याने सहज निघते.