खाडीच्या पाण्याचा निकाल कोणाचा?

'शास्त्रज्ञाने अहवाल सरकारला दिला की त्याचं काम संपलं, लोकांत उगाच घबराट नको' असं काही जण म्हणतात, ते मला पटलं नाही. पश्चिम घाटाच्या पर्यावरणाचा अभ्यास करणाऱ्या माधव गाडगीळ समितीचंच बघा. रत्नागिरी-सिंधुदुर्गाचा अभ्यास तिच्या कामातच होता. ऑगस्ट 2011मध्ये अहवाल केंद्रीय पर्यावरण मंत्रालयात गेला आणि तिथेच बसला. माहिती अधिकाराचा अर्ज, माहिती आयोगाचा आदेश, त्यावर मंत्रालयाची दिल्ली उच्च न्यायालयात धाव, एवढं रामायण झाल्यावर मे 2012मध्ये तो लोकांना दिसला. ग्रामसभांना विचारा म्हणणारा अहवाल ग्रामसभांपासूनच दडवला, कमाल आहे!

आमच्याकडे खाडीत मासे मरून वर आले की कोणीतरी येऊन बाटल्यांत पाणी भरून नेतं. निकाल गावात कधी येत नाही. कारखान्यातल्या ओळखीच्या केमिस्टला विचारलं तर म्हणे, "गुप्ततेच्या करारावर सही केलेय, बोलता येत नाही." कारखान्याने आपली प्रक्रिया गुप्त ठेवावी, हरकत नाही. पण नाल्यातून काय सोडलं तो आकडा त्यांच्या मालकीचा कसा? तिसऱ्या (खाडीतले शिंपले) काढायला बाया त्याच पाण्यात कमरेपर्यंत उतरतात.

नोकरी जाण्याची भीती खरीच आहे, म्हणून सगळं ओझं त्या एकट्या केमिस्टवर टाकू नये. प्रत्येक तपासणीचा निकाल ग्रामपंचायतीच्या फलकावर मराठीत लागलाच पाहिजे, असा नियम करा.