वास झकास, पण चहा कुठाय?

दुधाविना (धागाकर्ता)

आधी विधान मांडतो, मग झोडा. मॉलमध्ये आणि ऑनलाइन 'प्रीमियम लूज लीफ' (सुट्या पानांचा) म्हणून देखण्या डब्यांतून जो फ्लेवर्ड चहा खपवला जातो, त्यातला बराचसा हा अत्तराचा धंदा आहे, चहाचा नव्हे. खिसा हलका करायचाच असेल तर तो बाग आणि हंगाम सांगून विकल्या जाणाऱ्या साध्या पानासाठी करावा.

पार्ल्यात आम्ही काही चहाबाज जमलो होतो. एका बाजूला दार्जिलिंग सेकंड फ्लश (उन्हाळी तोडणीचं पान), आसाम ऑर्थोडॉक्स (पान न चिरडता वळून केलेला) आणि निलगिरीच्या डोंगरांतला चहा. दुसऱ्या बाजूला गुलाब, आंबा, चॉकलेट आणि अर्ल ग्रे (बर्गमॉट फळाच्या तेलाचा वास दिलेला काळा चहा). पद्धत धंद्यातले चाखणारे वापरतात तीच: १०० मिली उकळत्या पाण्याला २ ग्रॅम चहा, ६ मिनिटं, ना दूध ना साखर. आयएसओ ३१०३ या मानकात हेच माप दिलंय. मग चमच्याने सुर्रकन आवाज करत ओढायचा, म्हणजे चहाबरोबर हवाही आत जाते आणि वास घशामागून नाकात चढतो. (शेजारच्या काकूंनी दार ठोठावून सगळं ठीक आहे ना विचारलं, ते सोडा.)

गरम असताना फ्लेवर्ड मंडळींनी मैदान मारलं, हे मान्य. आंब्याचा डबा उघडल्यावर सगळे एकदम 'आहाहा' करून उठले. मग कप कोमट होऊ दिले आणि निकाल फिरला. दार्जिलिंगमध्ये आधी न जाणवलेली द्राक्षासारखी गोडसर चव वर आली. आंब्याचा वास उडून गेला आणि जिभेवर नुसतं तुरट, सपाट पाणी राहिलं. गुलाबाचं तेच. चॉकलेटबद्दल न बोललेलं बरं.

खरी गंमत गाळणीत होती. दार्जिलिंगची पानं पूर्ण उलगडली होती, एका देठाला दोन पानं आणि कळी तशीच चिकटलेली. आंब्याच्या चहाच्या चोथ्यात काळा चुरा, झेंडूच्या पाकळ्या आणि वाळवलेल्या सफरचंदाचे चौकोनी तुकडे निघाले. आंब्याच्या चहात सफरचंद! डब्यावर बागेचं नाव नाही, हंगाम नाही, ग्रेड नाही. वर किंमत दार्जिलिंगच्या बरोबरीची.

गिरगावची माई

अहो दुधाविना, आलं, वेलची, सुंठ, गवती चहा हे काय मग? पावसाळा लागला की आमच्या चाळीत घरोघरी गवती चहाच्या पातीची गाठ मारून आधणात टाकायचे, जिन्यात पाय ठेवला की कळायचं कोणाकडे चहा उकळतोय ते. त्यालाही तुम्ही अत्तर म्हणणार का? दूध काढून टाकलंत, साखर काढून टाकलीत आणि वर तुमचाच चहा पारंपरिक! मुंबईची परंपरा पातेल्यातली आहे, चिनीमातीच्या कपातली नाही.

दुधाविना

माई, तुमच्या चहाशी माझं काही भांडण नाही. आलं तुम्ही डोळ्यांदेखत किसता. किती घालायचं, कधी घालायचं, हे तुमच्या हातात असतं. डब्यातल्या चहावर कारखान्यात काय आणि किती फवारलंय ते मला कळत नाही, आणि त्या वासाखाली पान कसं आहे तेही कळत नाही. दुसरा मुद्दा मला जास्त खुपतो.

ममरीवाला

मशीद बंदरला चहाच्या घाऊक धंद्यात आहे, म्हणून राहवलं नाही. दुधाविना यांचा चोथ्याचा मुद्दा बरोबर, बाकी बऱ्याच ठिकाणी गाडी घसरलीय.

एक तर 'परंपरा' जपून वापरा. आपल्या पातेल्यात जी दाणेदार ममरी पडते ती सीटीसी, म्हणजे पान यंत्रात चिरडून, फाडून, वळवून केलेले दाणे. ते यंत्र आसाममध्ये १९३० साली आलं आणि आपल्याकडे सर्रास वापरात यायला त्यानंतर काही दशकं गेली. त्याआधी चहा कंपन्यांनाच इथल्या लोकांना चहा प्यायला शिकवावं लागत होतं, त्यासाठी १९०३ पासून चहावर खास कर बसवून प्रचाराला पैसा उभा केला होता. तेव्हा माईंची परंपरा आणि तुमची, दोन्ही तशा अलीकडच्याच.

दुसरं, बागेच्या नावाचं फार कौतुक नको. एकाच बागेचे दोन लॉट वेगळे निघतात. पाऊस चार दिवस लांबला की पान बदलतं. म्हणून तर ब्लेंड करतात: कडकपणाला आणि रंगाला आसाम, वासाला थोडं निलगिरी, गिऱ्हाईक हॉटेलवाला असेल तर डस्ट (चहाची बारीक भुकटी). नावावर जायचं तर नेपाळचं पान दार्जिलिंग म्हणून खपवतात, ही दार्जिलिंगच्या बागांचीच जुनी तक्रार आहे. २००४ मध्ये देशातलं पहिलं भौगोलिक मानांकन दार्जिलिंगला मिळालं, तरी फसवणूक थांबलेली नाही. डब्यावर मानांकनाचं चिन्ह बघून घ्या, नुसतं नाव वाचून पाकीट काढू नका.

तिसरं म्हणजे फ्लेवरला मध्यम पान घेतात ते लबाडी म्हणून नाही. चांगल्या फर्स्ट फ्लशवर (वसंतातल्या पहिल्या तोडणीच्या पानावर) तेल मारलं तर दोन्ही वाया. तिथे पान साधंच लागतं. मात्र चुरा भरून वर पाकळ्या पसरायच्या आणि अव्वाच्या सव्वा भाव लावायचा, याला माझ्याकडेही उत्तर नाही. त्या पाकळ्यांचा चवीशी बहुतेक वेळा काही संबंध नसतो, त्या फोटोसाठी असतात.

आणि हो, ६ मिनिटं उकळतं पाणी हे परीक्षेचं माप आहे. पानातली खोट बाहेर पडावी म्हणून ते इतकं कडक ठेवलंय. पिताना दार्जिलिंगला ३ मिनिटं पुरतात, फर्स्ट फ्लश असेल तर पाणी उकळून जरा निवू द्या.

ऋता

सगळ्या सुगंधी चहांना एकाच पातेल्यात उकळू नका. चीनचा जास्मिन चहा घ्या. त्यातलं फूल म्हणजे आपला मोगराच. दुपारी टपोऱ्या कळ्या खुडतात, रात्री त्या उमलायला लागल्या की हिरव्या चहात मिसळून ढीग लावून ठेवतात. पान वास ओढून घेतं, पण त्याबरोबर ओलही घेतं. म्हणून सकाळी फुलं चाळून काढायची, चहा पुन्हा वाळवायचा आणि रात्री ताज्या कळ्या घालायच्या. उंची चहाला हे अनेकदा करतात. शेवटी पानात फुलं जवळपास राहतच नाहीत. पाकळ्यांनी भरलेला जास्मिन चहा दिसला तर उलट संशय घ्यावा.

तो चहा गार झाल्यावरही मोगरा जात नाही. तुमच्या कोमट कपाच्या कसोटीवर तो पास होतो, मग विधानाचं काय?

दुधाविना

तो मी चाखण्यात ठेवलाच नव्हता आणि विधानात 'बराचसा' असं मुद्दाम लिहिलंय. फुलांत मुरवलेला चहा माझ्या यादीतून बाहेर काढा. तिथे मजुरी आहे, रात्री जागणं आहे. माझा राग आहे तो बाटलीतून फवारणाऱ्यांवर.

चाळीतला चहावाला

ऋता, हे घरी जमेल का? दादरच्या फुलबाजारात मोगऱ्याच्या कळ्या संध्याकाळी स्वस्त होतात, ग्रीन टी घरात पडून आहे.

ऋता

कृपा करून बाजारातल्या फुलांवर करू नका. ती गजऱ्यासाठी पिकवलेली असतात, त्यांच्यावर काय फवारलंय सांगता येत नाही. मी घरच्या कुंडीतल्या कळ्यांवर केलं. सकाळी पानं चक्क मऊ पडली होती, बोटांत धरून वाकवली तरी तुटेनात. ओव्हनमध्ये मंद आचेवर ती पुन्हा कुरकुरीत होईपर्यंत वाळवली. वास आला, पण चहाचा थोडा करपट झाला. मुंबईच्या दमट हवेत वाळवायला आळस केलात तर बुरशी ठरलेली.

टॅनिन

बाटलीचा राग कळला, पण रसायनं बाटली आणि बाग असा भेद करत नाहीत. बर्गमॉटच्या तेलात लिनालूल नावाचं सुगंधी द्रव्य असतं, गुलाबात जेरॅनिऑल. दार्जिलिंगच्या सुगंधात ही दोन्ही आहेत. तुम्हाला कोमट कपात जी द्राक्षासारखी चव लागली, तिच्यामागे तर कीड आहे. उन्हाळ्यात हिरवे तुडतुडे कोवळी पानं चावतात, झाड त्याला प्रतिसाद म्हणून सुगंधी द्रव्यं तयार करतं आणि त्यातून सेकंड फ्लशला ती मस्कटेल चव येते. किड्याने केलं तर नजाकत आणि माणसाने केलं तर भेसळ?

अर्ल ग्रेला तुम्ही आंबा-चॉकलेटच्या रांगेत बसवलंत, हा तर शुद्ध अन्याय. बर्गमॉट हे इटलीत कॅलाब्रियात पिकणारं लिंबाच्या जातीतलं फळ. त्याच्या सालीचं तेल चांगलं असेल तर काळ्या चहाचा कडवटपणा आणि ते असे जुळतात की वेगळं काढता येत नाही. १८३० ते १८३४ मध्ये ब्रिटनचे पंतप्रधान असलेल्या अर्ल ग्रेंचं नाव त्याला चिकटलंय, तेव्हा परंपरेच्या रांगेत तो ममरीच्या बराच पुढे उभा आहे.

हे भांडण तरी कुठे नवं? ८व्या शतकात चीनमध्ये लू यू या चहाच्या जाणकाराने कांदा, आलं, संत्र्याची साल आणि पुदिना घालून उकळलेल्या चहाची किंमत गटारातल्या पाण्याएवढी केली होती. आणि म्हणाला, लोक तरी तसाच पितात! माई, तुमचा चहा तेव्हापासून बदनाम आहे. :)

गिरगावची माई

कांदा? शी! त्या बाबतीत त्यांचं बरोबर होतं.

दुधाविना

टॅनिन, पानात असे शेकडो घटक एकत्र असतात, त्यातले दोन-चार उचलून फवारले की वास येतो आणि खाली काही सापडत नाही. मला कपात हाच फरक लागला. अर्ल ग्रे कोमट झाल्यावरही त्यातल्या त्यात तग धरून होता, हे मात्र खरं.

पानीकम

काय चाललंय हे! चहा प्यायचा तर धोबी तलावला कयानी या इराणी हॉटेलात जा, ब्रून मस्का (लोणी लावलेला कडक पाव) बुडवून खा, कपाच्या तळाशी राहिलेले पावाचे कण चमच्याने काढा. नाहीतर कोणत्याही स्टेशनबाहेर कटिंग मारा. शंभर ग्रॅमला सहाशे रुपये मोजणाऱ्यांनी चवीवर वाद घालावा म्हणजे कमालच.

दुधाविना

हिशेब करून बोला. १०० ग्रॅमला ६०० रुपये, कपाला अडीच ग्रॅम धरले तर ४० कप, म्हणजे कपामागे १५ रुपये. तुमच्या कटिंगच्या आसपासच की. शिवाय चांगलं पान दुसऱ्या पाण्यालाही चव देतं. तुमच्या टपरीचा चोथा दुसऱ्यांदा उकळतात तेव्हा ते मात्र तुम्हाला सांगत नाहीत.

पानीकम

सांगत नाहीत तेच बरं. गोडीला साखर आहे ना.

चांदिवलीकर

कोणी पाण्याबद्दल बोललंच नाही. भातसा-तानसा धरणांचं नळाचं पाणी मऊ आहे, त्यात दार्जिलिंग छान उतरतं. आमच्याकडे उन्हाळ्यात टँकर आला की त्याच चहावर तपकिरी साय धरते, कपाला डाग पडतात आणि नाजूक वास गायब होतो. पाण्यातल्या क्षारांचा हा प्रताप. तेव्हा फ्लेवर्ड चहाच बरा लागतो, कारण त्याचा वास दणकट असतो. बागेचं नाव टँकरच्या पाण्यात विरघळून जातं.

ममरीवाला

लाख बोललात. अजून एक मुंबईचं दुखणं म्हणजे पावसाळा. चहाचं पान ओल आणि वास दोन्ही ओढतं. ऋतांनी मोगरा मुरवला, तसाच तुमच्या फडताळातला गरम मसाला आणि डांबरगोळीही मुरतात. महागडं पान आणून कागदी पिशवीत ठेवलंत तर जुलै संपेपर्यंत तुमचा स्वतःचा फ्लेवर्ड चहा तयार! घट्ट झाकणाचा पत्र्याचा डबा वापरा, थोडं थोडं आणा आणि फ्लेवर्डच्या शेजारी साधा चहा ठेवू नका. दुकानातसुद्धा आम्ही अर्ल ग्रे वेगळ्या खोलीत ठेवतो.

दुधाविना, तुमचा आसाम ऑर्थोडॉक्स कोमट झाल्यावर गढूळ झाला होता का?

दुधाविना

झाला होता. आमच्यातल्या एकाने 'पान खराब' म्हणून त्याचे गुण कापले.

ममरीवाला

घ्या! कॅफीन आणि टॅनिन (चहाला तुरटपणा देणारा घटक) एकमेकांना धरून गार होताना खाली बसतात, धंद्यात त्याला क्रीम होणं म्हणतात. कडक, दमदार पानाची ती खूण आहे. तुमच्या परीक्षकांनी सगळ्यात ताकदवान चहाला नापास केलंय.

म्हणून म्हणतो, ही तुलनाच बाद. महागाचं पान एकीकडे आणि डबाबंद चुरा दुसरीकडे, वर कुठल्या कपात काय आहे हे सगळ्यांना ठाऊक. मी एकाच लॉटचं निलगिरी आणतो. अर्ध्याला चांगलं बर्गमॉट तेल लावून मुरवतो, अर्धं साधं ठेवतो. किंमत तीच, पान तेच. मग सांगा तेलाने पान मेलं की उठून बसलं.

टॅनिन

तेल कमीच घाला. दुकानी अर्ल ग्रे साबणासारखा लागतो तो हात सैल सोडल्यामुळे.

दुधाविना

मंजूर. अटी दोन. गुण कोमट कपाला द्यायचे. आणि तेल लावलेला डबा जिन्यात ठेवायचा, आत आणला तर सगळ्याच कपांना त्याचा वास लागेल. जिन्यात ठेवण्याबद्दल शेजारच्या काकूंशी मी बोलून घेतो.

गिरगावची माई

मी येणार. पण कोमट चहा मी पीत नाही, आधीच सांगून ठेवते. माझे गुण गरम कपाला.