शब्दचर्चा: ‘कोसला’ हे प्रतीक की प्रतिमा?

परवा सदाशिव पेठेत आमच्या वाचनकट्ट्यावर भालचंद्र नेमाड्यांची ‘कोसला’ ही कादंबरी घेतली होती. एक काका म्हणाले, शीर्षक ही प्रतिमा आहे. मी म्हटलं, प्रतीक. चहा गार झाला, निकाल लागला नाही. फरक कुणी उलगडून सांगेल का?

↳ आधी शुद्धलेखन. ‘प्रतीक’मधली ती दीर्घ, ‘प्रतिमा’तली ऱ्हस्व. (पुण्यात हे आधी सांगावंच लागतं.)
प्रतिमा डोळ्यांपुढे चित्र उभं करते. तिथेच थांबली तरी चालतं. प्रतीकाचं तसं नाही. वैदिक ग्रंथांत मंत्राच्या सुरुवातीच्या शब्दांना ‘प्रतीक’ म्हणतात: तेवढे दिले की पुढचा अख्खा मंत्र समजून घ्यायचा. तुकडा सांगायचा, बाकीचं वाचणाऱ्याने आणायचं.
आता कोसला, म्हणजे रेशीमकिड्याचा कोश. विदर्भात टसर रेशमाला ‘कोसा’ म्हणतात, तो याच घरातला. हा कोश किड्यावर कुणी लादत नाही, तो स्वतःच्या लाळेतून विणतो. नेमाड्यांचा पांडुरंग सांगवीकर खानदेशातून पुण्यात शिकायला येतो आणि हेच करतो. त्याचा धागा कुठला? त्याच्या तोंडी सतत येणारे ‘उदाहरणार्थ’ आणि ‘वगैरे’! काही अंगाशी येतंय असं वाटलं की एक वेढा मारायचा. म्हणून माझ्या मते प्रतीकच.

↳ ‘वगैरे’ ही बोलण्याची लकब झाली हो. प्रत्येक लकबीला प्रतीक म्हणायचं तर आमच्या वाड्यातले सगळेच कादंबरीत जातील.

↳ नुसती लकब पहिल्या पानावर आणि शेवटच्या पानावर सारखीच असते. इथे तसं होत नाही. सुरुवातीला ‘वगैरे’ ऐकून हसू येतं. धाकट्या बहिणीच्या मृत्यूनंतर तोच शब्द पुन्हा भेटला की हसवत नाही, कारण तो कशावर पांघरलाय ते आपल्याला कळलेलं असतं. शब्द तोच, माणूस उघडा पडत गेला.
आणखी एक. पाखरू बाहेर पडलं की कोश फुटतो, धागा तुटतो. म्हणून सलग रेशीम हवं असेल तर कोश किड्यासकट उकळतात. 1963 साली कादंबरी आली तेव्हापासून लोक वाद घालतायत, पांडुरंग गावी परततो ती हार की सुटका. शीर्षक वाचून मला तरी पाखरू उडालेलं दिसत नाही.

↳ उकळण्याचं लक्षातच आलं नव्हतं. काकांना सांगते. ते ‘तरीही प्रतिमाच’ म्हणतील.