फूटपाथ नवीन करणं उधळपट्टी आहे म्हणे. मग चालायचं कुठून?

गावभागकर
परवा इथंच एकानं लिहिलं, "सांगलीत पायी चालतंय कोण? हरभट रोड, मारुती रोडचे फूटपाथ उखडून नवे करण्यापेक्षा तो पैसा खड्डे बुजवायला वापरा." खाली 'अगदी बरोबर' म्हणणाऱ्यांची रांग लागलेली. दोन दिवस गप्प बसलो, आता राहवत नाही.

माझी आई ७४ वर्षांची आहे. दर संकष्टीला गणपती मंदिरात चालत जाते. गेल्या पावसाळ्यात फूटपाथच्या हलणाऱ्या ब्लॉकवर पाय पडला, ब्लॉक एका बाजूनं उचलला गेला आणि ती आपटली. मनगट मोडलं, सहा आठवडे प्लास्टर. आता ती फूटपाथवर पायच ठेवत नाही, रस्त्याच्या कडेनं चालते आणि रिक्षा कोपराला घासून जातात.

चालतंय कोण विचारणाऱ्यानं सकाळी दहाला एसटी स्टँडवर उभं राहावं. तासगाव, कवठेमहांकाळहून दवाखान्याला, खरेदीला आलेली माणसं काय विमानानं पेठेत जातात? मे २०२५ मध्ये सुप्रीम कोर्टानं सांगितलं की चालण्याजोगा फूटपाथ हा राज्यघटनेच्या कलम २१ मधल्या जगण्याच्या हक्काचा भाग आहे.

रोजचा टू-व्हीलरवाला
ती पोस्ट माझीच. आईंचं वाचून वाईट वाटलं, पण मत बदललेलं नाही. माझा मावसभाऊ खड्ड्यात गाडी जाऊन पडला, सहा महिने अंथरुणावर होता, नोकरी गेली. तुमचा फूटपाथ नवा झाला की दुसऱ्या दिवशी त्यावर गाड्या लागणार. मग पैसा कुणासाठी घातला?

गावभागकर
गाड्या लावतो कोण? तुम्हीच ना? मावसभावाला खड्ड्यानं पाडलं, माझ्या आईला ब्लॉकनं. दोन्ही दुरुस्त करा म्हणा की. एकाचं काढून दुसऱ्याला कशाला द्यायचं?

मिरजेचा इंजिनिअर
ब्लॉक का हलतात ते आधी समजून घ्या. ब्लॉक वाळूच्या थरावर बसतात. कडेला पक्का कर्ब, म्हणजे फूटपाथच्या कडेचा उभा दगड, नसेल तर पावसात वाळू वाहून जाते आणि मध्ये पोकळी होते. त्यावर चारचाकी चढवली की ब्लॉक फुटतो. नंतर पाइपलाइनसाठी कुणीतरी खणतं आणि माती न ठोकता तेच ब्लॉक वर मांडून जातं. खालचा थर नीट केला नाही तर नवे फूटपाथही दोन पावसाळ्यांत असेच होतील, एवढं टू-व्हीलरवाल्यांचं मी मान्य करतो. रस्त्यांचे मापदंड ठरवणाऱ्या इंडियन रोड काँग्रेसच्या २०१२ च्या नियमावलीत किमान १.८ मीटर मोकळी रुंदी आणि कर्बची उंची जास्तीत जास्त १५० मिलिमीटर सांगितली आहे. आपल्या पेठेत टेप लावून बघा.

विश्रामबागची ताई
टेप लावायची गरज नाही दादा, मी व्हीलचेअरवर असते. ब्लॉक कितीही चांगले बसवा, मला पेठेत दहा फूटसुद्धा सरळ जाता येत नाही. दर दुकानापुढं फूटपाथवर पायऱ्या बांधल्यात. दिवाळीला भावासोबत गेले होते. प्रत्येक दुकानापाशी त्यानं खुर्ची रस्त्यावर उतरवायची, परत वर चढवायची. शेवटी मीच म्हटलं, घरी चल. साडी न घेता परत आलो.

पेठेतला दुकानदार
आलं सगळं दुकानदारांवर! २०१९ च्या महापुरात कृष्णेवरच्या आयर्विन पुलापाशी पाणी ५७ फुटांच्या वर गेलं तेव्हा हे नियमावलीवाले कुठं होते? गौरी-गणपतीसाठी भरलेला माल दुकानात, आणि आत माणूसभर पाणी. गाळ उपसायला आठ दिवस लागले. वडलांनी तो वास घेतला आणि दुकानात पाऊल टाकणंच सोडलं. म्हणून जोतं तीन फूट उचललं. २०२१ ला पाणी उंबऱ्याला टेकून मागं फिरलं, माल वाचला. आता पायऱ्या हवेत बांधू का?

गावभागकर
पुरात आमचंही घर होतं पाण्यात. म्हणून आम्ही सार्वजनिक जागेत भिंत नाही घातली. तुमचा माल वाचला, त्याची किंमत माझ्या आईनं का मोजायची?

पेठेतला दुकानदार
आईचं नाव घेऊन बोलायचं बंद करा. आमच्या घरातही म्हातारी माणसं आहेत. दहा फुटांचं दुकान, चार माणसांची पोटं त्यावर. उगाच चोर ठरवू नका.

मिरजेचा इंजिनिअर
दोघंही जरा दमानं घ्या. जोतं खाली आणा असं कुणी म्हणत नाही. रॅम्पचा उतार एकास बारा लागतो, म्हणजे तीन फुटांच्या जोत्याला छत्तीस फूट रॅम्प. तो पेठेत बसणारच नाही. पण पायऱ्या उंबऱ्याच्या आत घेता येतात. सहा इंचांची एक, अशा पाच पायऱ्या, प्रत्येक दहा इंच खोल, आणि सहावं पाऊल थेट दुकानात. दुकानाची चारेक फूट जागा जाईल, फूटपाथ मोकळा होईल. फूटपाथच्या सहा इंच कर्बला मात्र सहा फुटांचा उतार सहज बसतो, तो प्रत्येक चौकात हवा.

पेठेतला दुकानदार
चार फूट म्हणजे माझा अख्खा काउंटर. तुम्हाला बोलायला काय जातंय? आणि पायऱ्या आत घेतल्या तरी ताई दुकानात येणार कशा?

विश्रामबागची ताई
नाही येता येणार, काका. पण तुमच्या दारापुढून जाता तरी येईल. साड्या खाली आणून दाखवा, मी दारात बसून निवडीन. मला रस्त्यावर उतरायला लावू नका, एवढंच मागते.

पेठेतला दुकानदार
साड्या खाली आणायला माझी कधीच ना नव्हती. पायऱ्यांचं बघू. पण एकट्यानं घेणार नाही. शेजारच्यानं बाहेर ठेवल्या आणि मी काउंटर तोडला तर गिऱ्हाईक त्याच्याकडं जाणार. सगळी ओळ एका दिवसात होत असेल तर मी तयार आहे. लेखी हवं मात्र.

रोजचा टू-व्हीलरवाला
सगळ्या पायऱ्या आत गेल्या आणि कडेला गाडी चढू नये म्हणून खांब घातले, तर माझा विरोध नाही. खांबांमध्ये खुर्ची जाईल एवढं अंतर ठेवा. आणि खड्डे मी सोडणार नाही, त्यावर वेगळं लिहितो.

गावभागकर
रविवारी सकाळी सातला, दुकानं उघडायच्या आधी, मारुती चौकात टेप घेऊन येतो. इंजिनिअरसाहेब, मिरजेहून याल का? प्रत्येक दुकानापुढची रुंदी लिहून काढू.

विश्रामबागची ताई
मीही येते. फक्त सुरुवात अशा ठिकाणाहून करा जिथं मला फूटपाथवर चढता येईल.