मोबाइलवर नेट चालतं, कॉम्प्युटरवर नाही

दादा, त्याच वायफायवर मोबाइल चालतो आणि कॉम्प्युटर नाही, म्हणजे बाहेरची लाइन ठीक आहे. तक्रार नोंदवायची घाई नको. विंडोजच्या कमांड प्रॉम्प्टमध्ये (कमांड टाइप करायची खिडकी) आयपीकॉन्फिग (ipconfig) टाकून बघा, कॉम्प्युटरचा नेटवर्कवरचा आयपी पत्ता दिसेल. पत्ता १६९.२५४ ने सुरू होत असेल, तर राउटरकडून पत्ता मिळालेलाच नाही; विंडोजने तो स्वतःच लावून घेतलाय. राउटर बंद करून चालू करा, वायफाय पुन्हा जोडा. पत्ता बरोबर दिसला तर तिथेच ping 8.8.8.8 टाकून गूगलच्या सर्व्हरला पिंग करा, म्हणजे तिथून उत्तर येतं का ते बघा. उत्तर येतंय पण साइट उघडत नाहीत, तर डीएनएस (साइटच्या नावावरून तिचा पत्ता शोधून देणारी सेवा) बदला.

आणि राउटर कूलरमागे आहे म्हणता, तो आधी हलवा! आपल्या नागपुरात कूलर मार्चपासून खिडकीत बसतो. त्याचा पत्रा आणि टाकीतलं पाणी, दोन्ही सिग्नल अडवतात.