मदत हवी आहे: अपाचीची पासवर्ड फाइल डीबीएममध्ये न्यायची आहे

मंडळी, आमच्या ग्रंथालयाचा कॅटलॉग अपाची 2.4 या वेब सर्व्हरवर बेसिक ऑथेंटिकेशनमागे (ब्राउझर नाव-पासवर्ड विचारतो ते) आहे. सभासद काही हजार झालेत आणि सगळे एकाच साध्या एचटीपासवर्ड फाइलमध्ये. बेसिकमध्ये दर रिक्वेस्टला पासवर्ड नव्याने तपासला जातो. पानावर वीस मुखपृष्ठं असली की वीसदा ती फाइल धुंडाळायची. म्हणून डीबीएमचा (नावावरून नोंद थेट शोधता येणारी छोटी डेटाबेस फाइल) विचार.

घोडं अडलंय जुन्या हॅशपाशी (पासवर्डचं सांकेतिक रूप, फाइलमध्ये तेच साठवलेलं असतं). काही एमडी5 पद्धतीचे आहेत, काही त्याहून जुने क्रिप्टचे, ज्यात पहिली आठच अक्षरं धरतात (पुढे काहीही टाइप करा, दार उघडतंच!). नवे बीक्रिप्ट या पद्धतीने करायचेत. पण हॅशवरून पासवर्ड काढता येत नाही आणि सगळ्यांना एकदम बदलायला लावलं तर काउंटरवर कल्ला होईल.

अपाचीच्या डीबीएममॅनेज या टूलच्या इम्पोर्टने जुने हॅश जसेच्या तसे आत घेता येतात ना? मग त्याच फाइलमध्ये एचटीडीबीएम या दुसऱ्या टूलने बीक्रिप्टच्या नोंदी घातल्या तर डीबीएमचा प्रकार (फाइलचा फॉरमॅट) जुळण्यात गडबड होते का? कोणी केलंय?

की फाइल तशीच ठेवून नुसतं सोकॅश (एकदा तपासलेली ओळख काही काळ लक्षात ठेवणारं अपाचीचं मॉड्यूल) लावलं तरी भागेल? बीक्रिप्ट मुद्दामच संथ असतं, तेव्हा कॅश लागणारच असं दिसतंय.