मदत हवी आहे: १३ वर्षांच्या मुलाची कोर्बेव्हॅक्स (कोविडची लस) आणि मे महिन्यातला अमेरिका-कॅनडा प्रवास

मधुमालती
१२ एप्रिल २०२२, रात्री ११.०५

नमस्कार मंडळी. डोकं पार भंजाळलं आहे, म्हणून इथे विचारते. जाणकारांनी आणि नुकतंच मुलांना घेऊन जाऊन आलेल्यांनी कृपया लिहा.

आम्ही चौघे. मी आणि नवरा (कोविशील्डचे दोन्ही डोस मागच्या जुलैत झालेत), मुलगी १६ वर्षांची, मुलगा जानेवारीत १३ पूर्ण. दीर न्यू जर्सीत एडिसनला आहेत, नणंद कॅनडात टोरोंटोजवळ मिसिसागाला. सासूबाई गेल्यापासून तिघं भावंडं एकत्र भेटलेली नाहीत. म्हणून ठरवलं की ११ मेच्या मध्यरात्रीनंतरच्या थेट विमानाने (म्हणजे तारीख १२) मुंबईहून न्यूअर्क, दहा दिवस दिरांकडे, मग विमानाने टोरोंटो, आठ दिवस नणंदेकडे, परत न्यूअर्क आणि ८ जूनला घरी. अमेरिकेचे व्हिसे जुने आहेत, दहा वर्षांचे. कॅनडाचे मार्चमध्ये आले. तिकिटं काढून झाली आहेत, हे आधीच सांगते. "आधी विचारायचं ना" असं कोणी म्हणू नका, घरात रोज ऐकते आहे.

आता अडचण. मुलीला जानेवारीत १५ ते १८ची मोहीम सुरू झाली तेव्हाच कोव्हॅक्सिन दिली, दोन्ही डोस झाले. मुलाला १२ ते १४ वयोगटात बसत असल्याने १९ मार्चला महापालिकेच्या केंद्रावर कोर्बेव्हॅक्सचा पहिला डोस मिळाला. दुसरा २८ दिवसांनी, म्हणजे १६ एप्रिलला आहे. मी निवांत होते की जाण्याआधी सगळ्यांचं पूर्ण होईल. काल तिकिटवाल्याने सहज विचारलं, "ताई, मुलाची लस डब्ल्यूएचओच्या यादीत आहे ना?" बघितलं तर जागतिक आरोग्य संघटनेच्या मान्य लसींच्या यादीत ती नाही!

१) अमेरिकेत मुलाला घेतील का?
२) कॅनडाचं काय?
३) मुलीच्या प्रमाणपत्रावर आडनाव आधी आणि नाव नंतर आलंय (शाळेच्या ओळखपत्रावरून नोंदणी केली होती), पासपोर्टवर उलट आहे. यावरून विमानतळावर अडवतात का?
४) मुलाला कोर्बेव्हॅक्सऐवजी कोव्हॅक्सिन मिळू शकली असती का? आता उशीर झालाय, पण रात्री झोप लागत नाही.

---

जर्सीकर
१३ एप्रिल, पहाटे ५.४०

अमेरिकेचं टेन्शन घेऊ नका. गेल्या ८ नोव्हेंबरपासून जो लसीचा नियम आहे तो बाहेरून येणाऱ्या परदेशी *प्रौढांना* आहे. १८ च्या आतल्या मुलांना त्यातून सूट आहे. त्यामुळे मुलाने कोर्बेव्हॅक्स घेतली, कोव्हॅक्सिन घेतली की काहीच घेतली नाही, तो तुमच्याबरोबर येऊ शकतो. तुमची कोविशील्ड चालते. कोव्हॅक्सिनही चालते, डब्ल्यूएचओने ३ नोव्हेंबरला मान्यता दिली तेव्हापासून.

टेस्ट मात्र सगळ्यांना आहे. दोन वर्षांवरच्या प्रत्येकाला, लस असो नसो. ६ डिसेंबरपासून "निघण्याच्या एक दिवस आधी" असा नियम आहे. यात बऱ्याच जणांची गल्लत होते. तो २४ तासांचा हिशेब नाही, कॅलेंडरचा दिवस आहे. तुमचं विमान १२ तारखेला उजाडता सुटतंय, तर ११ तारखेला दिवसभरात केव्हाही दिलेला नमुना चालेल. १० च्या रात्री दिलात तर संपलं. आरटीपीसीआरच हवी असं नाही, लॅबमधली अँटिजेनही चालते आणि तिचा रिपोर्ट लगेच मिळतो. रिपोर्टवर नमुना घेतल्याची तारीख, टेस्टचा प्रकार आणि नावासोबत जन्मतारीख किंवा पासपोर्ट नंबर आहे ना, हे लॅबमधून बाहेर पडायच्या आधी बघा. आमच्या मेहुण्यांच्या रिपोर्टवर फक्त "वय ५२" होतं. काउंटरवर पाऊण तास रामायण झालं.

शिवाय प्रत्येकाचा एक प्रतिज्ञापत्राचा फॉर्म असतो. मुलांचा तुम्ही भरायचा आणि सही करायची. लस "मान्य" नसलेल्या मुलाने पोचल्यावर ३ ते ५ दिवसांत पुन्हा एक टेस्ट करायची असते, त्याचीही हमी त्यात आहे. दिरांना सांगून ठेवा, फार्मसीत होते.

---

नर्मदेचा गोटा
१३ एप्रिल, सकाळी ८.१२

एवढी काय घाई आहे परदेशी जायची? महामारी अजून संपलेली नाही. नायगरा काही पळून जात नाही.

---

मधुमालती
१३ एप्रिल, सकाळी ९.३०

जर्सीकर, देव तुमचं भलं करो.

नर्मदेचा गोटा, नायगरा पळत नाही, माणसं पळतात. दोन वर्षांत आमच्या घरातून दोन गेली.

---

उत्तरवारा
१३ एप्रिल, संध्याकाळी ७.५५

मी मिसिसागालाच असते, तुमच्या नणंदेची शेजारीण निघाले तर नवल नाही. अमेरिकेचं उत्तर सोपं होतं, आमच्या कॅनडाचं तसं नाही. सावकाश वाचा.

कॅनडात सूट १२ च्या आतल्या मुलांना आहे, १८ च्या नाही. तुमच्या दोन प्रश्नांमधला फरक इथेच आहे. मुलगी कोव्हॅक्सिनवर पूर्ण लसवंत धरली जाईल, कारण ३० नोव्हेंबरपासून कोव्हॅक्सिन इथल्या यादीत आहे. सिनोव्हॅकसुद्धा आहे. कोर्बेव्हॅक्स नाही. म्हणजे दोन डोस घेऊनही तुमचा मुलगा इथल्या हिशेबाने "लस न घेतलेला १३ वर्षांचा". दोघंही आईवडील लसवंत आहात म्हणून तो येऊ शकतो, पण येण्याआधी टेस्ट, उतरल्यावर टेस्ट, आठव्या दिवशी पुन्हा टेस्ट आणि १४ दिवस क्वारंटाइन. तुम्ही तिघं मोकळे, पोरगं घरात. तुमचा मुक्काम आठ दिवसांचा!

आता दुसरी गोष्ट, जी तिकिटवाले सांगत नाहीत. कॅनडातल्या विमानतळावरून विमानात *चढायलाही* लस लागते. देशांतर्गत विमान असो की परदेशी, शिवाय व्हिया रेलच्या गाड्या. १२ वर्षं ४ महिने पूर्ण झालेल्या प्रत्येकाला. तुमचा मुलगा त्याच्या पुढे आहे. म्हणजे तो आत येईल, पण टोरोंटोहून न्यूअर्कचं विमान पकडताना अडेल. काही अपवाद आहेत, पण अपवादाच्या भरवशावर चार जणांची तिकिटं ठेवू नका.

आणि अराइव्हकॅन. मोबाइलवर कॅनडा सरकारचं हे ॲप घेऊन पोचण्याच्या आधीच्या ७२ तासांत सगळ्यांची माहिती भरायची. लसवंतांना १ एप्रिलपासून येण्याआधीची टेस्ट लागत नाही, पण अराइव्हकॅन लागतंच. मागच्या महिन्यात माझ्या आईचं भरायचं राहिलं होतं, विमानात बसण्याआधी रांगेत उभं राहून भरलं, चष्मा सामानात. असो.

माझं मत विचाराल तर कॅनडाचा टप्पा या वेळी सोडा. मुलाला १४ दिवस खोलीत डांबून भावंडांची भेट गोड होणार नाही.

---

बालरोगवाला
१४ एप्रिल, रात्री १०.२०

चौथ्या प्रश्नाचं उत्तर देतो, म्हणजे झोप लागेल.

नाही, तुमचं काही चुकलं नाही. कोव्हॅक्सिनला १२ वर्षांपासूनची परवानगी डिसेंबरमध्ये मिळाली होती, पण सरकारी मोहिमेत ती १५ ते १८ साठीच ठेवली. १६ मार्चपासून १२ ते १४ ला कोर्बेव्हॅक्स. तुमच्या मुलाच्या वयाला केंद्रावर दुसरं काही नव्हतंच. लस चांगली आहे, हैदराबादला तयार होते, प्रथिनावर आधारित जुन्याच पद्धतीची. डब्ल्यूएचओच्या यादीत नसणं म्हणजे लस वाईट असणं नव्हे.

आता लगेच कोणीतरी सुचवेल की अमेरिकेत पोचल्यावर फायझर टोचून घ्या, तिथे १२ वर्षांवरच्या कोणालाही फुकट मिळते. मिळते हे खरं आहे. यादीबाहेरची लस घेतलेल्यांनी २८ दिवसांनी नव्याने सुरुवात करावी असा तिथला सल्लाही आहे. पण १६ एप्रिलनंतर २८ दिवस मोजलेत तर १४ मे येते, मग दोन डोसांत किमान तीन आठवडे, मग १४ दिवस. तुमचं विमान ८ जूनला. सहलीसाठी हा द्राविडी प्राणायाम करू नका. मुलाला दमा किंवा दुसरा काही आजार असेल तर तुमच्या डॉक्टरांशी बोला, ती गोष्ट वेगळी.

---

चिंतामग्न बाप
१५ एप्रिल, दुपारी १.०३

याच धाग्यात घुसतो, माफ करा. माझी मुलगी बारावी. परीक्षेत ताप नको म्हणून लस टाळली, पेपर संपल्यावर ९ एप्रिलला कोव्हॅक्सिनचा पहिला डोस दिला. ३ मेला ती १८ पूर्ण करते. ५ मेला आम्ही सॅन फ्रान्सिस्कोला निघतोय, बायकोच्या बहिणीकडे महिनाभर. चालेल ना? निघताना दोनच दिवस तर झालेले असतील १८ व्हायला.

---

जर्सीकर
१५ एप्रिल, संध्याकाळी ६.१५

नाही चालणार. दोन दिवस काय आणि दोन वर्षं काय, विमानात चढताना वय १८ असेल तर ती प्रौढ. दुसरा डोस २८ दिवसांनी म्हणजे ७ मेला, त्यानंतर १४ दिवस म्हणजे २१ मे. त्याआधी ती "पूर्ण लसवंत" नाही.

पण गंमत बघा, तुम्हाला दोन वाटा आहेत. एकतर प्रवास २१ मेच्या पुढे ढकला. किंवा अलीकडे ओढा. १ किंवा २ मेला निघालात तर ती १७ ची आहे, लसीचा प्रश्नच येत नाही, फक्त टेस्ट. तिचा अठरावा वाढदिवस मावशीकडे करा. दुसरा डोस मात्र लांबेल, कोव्हॅक्सिन तिथे मिळत नाही.

---

चिंतामग्न बाप
१५ एप्रिल, संध्याकाळी ६.४०

हे इतकं सोपं असेल असं वाटलं नव्हतं. २ मेची तिकिटं बघतोय. बदलायचे पैसे ऐकून छाती दडपली, पण चालेल.

---

कोविनचा कंटाळा
१६ एप्रिल, सकाळी ११.००

तिसऱ्या प्रश्नाबद्दल कोणी लिहिलं नाही म्हणून. नाव-आडनाव उलट असेल तर बहुतेक वेळा कोणी हटकत नाही, पण दुरुस्त होतंय तर करून टाका. कोविनच्या (सरकारी लसनोंदणीच्या) पोर्टलवर ज्या मोबाइल नंबरने नोंदणी केली त्यानेच लॉगिन करा, "रेज ॲन इश्यू" मध्ये जा. तिथे नाव दुरुस्तीही आहे आणि पासपोर्ट नंबर जोडायची सोयही. आधी नाव दुरुस्त करा, मग पासपोर्ट जोडा, मग "आंतरराष्ट्रीय प्रवासाचं" प्रमाणपत्र उतरवून घ्या. साध्या प्रमाणपत्रावर नुसतं वय असतं, यावर पूर्ण जन्मतारीख येते. दुरुस्ती एकदाच करता येते, तेव्हा घाईत पासपोर्टचा एक आकडा चुकवू नका. मी चुकवला होता. पुढचे तीन आठवडे कसे गेले ते विचारू नका.

परतीसाठी एअर सुविधावर (भारतात येणाऱ्या प्रवाशांसाठीचं सरकारी पोर्टल) सगळ्यांचे फॉर्म भरायचे विसरू नका. लसीचं प्रमाणपत्र किंवा ७२ तासांतला आरटीपीसीआर. मुलाचं कोर्बेव्हॅक्सचं प्रमाणपत्रही पीडीएफ करून जवळ ठेवा. निदान आपल्या देशात तरी ती लस आहे!

---

मधुमालती
१८ एप्रिल, रात्री १०.४५

सगळ्यांचे आभार. शनिवारी मुलाचा दुसरा डोस झाला. हात दुखतोय म्हणून दोन दिवस गणिताला सुट्टी मिळवली साहेबांनी.

नणंदेशी तासभर बोलणं झालं. ती रडली, मग मीही. मग नवऱ्याने नकाशा उघडला. नायगऱ्याला अमेरिकेची बाजूही आहे, हे आम्हाला माहीत होतं पण सुचलं नव्हतं! नणंदेकडे कॅनडाचा पासपोर्ट आहे, दोघांचे डोस पूर्ण आहेत, पोरगी चार वर्षांची. ते मिसिसागाहून गाडीने दीड तासात सीमेवरचा पूल ओलांडून येतील. आम्ही एडिसनहून दिरांच्या गाडीतून, सहा-सात तास लागतील म्हणे. बफेलोजवळ चार रात्रींचं घर भाड्याने घेतोय. टोरोंटोची तिकिटं रद्द केली, अर्धेअधिक पैसे गेले. गेले तर गेले.

---

उत्तरवारा
१९ एप्रिल, पहाटे ४.३०

वा! परत येताना त्यांनाही अराइव्हकॅन भरायचं आहे, सांगून ठेवा. आणि पुलावर लाँग वीकएंडला तुफान गर्दी असते, मेमधला व्हिक्टोरिया डेचा सोमवार टाळा.

---

मधुमालती
२३ जून, दुपारी ३.१०

धागा वर आणते, कारण कोणीतरी शोधत येईल.

सुखरूप परत आलो. ११ मेला दुपारी चौघांची अँटिजेन, चौघेही निगेटिव्ह, रिपोर्टवर जन्मतारखा आहेत हे मी तीनदा तपासलं (जर्सीकर!). काउंटरवर मुलाच्या लसीबद्दल एक अक्षर विचारलं नाही. मुलीच्या प्रमाणपत्राचं नाव दुरुस्त केलं होतं, तेही कोणी बघितलं नाही. पाचव्या दिवशी फार्मसीत मुलाची टेस्ट, निगेटिव्ह.

बफेलोच्या त्या घरात चार दिवस दहा माणसं होतो. तिघं भावंडं रात्री तीनपर्यंत स्वयंपाकघरात बसून होती. नणंदेने येताना सासूबाईंच्या हातचा पितळी डबा आणला होता, त्यात चकल्या. धबधब्याचे फोटो आमच्याकडे मोजून चार आहेत.

आम्ही ८ जूनला निघालो आणि १२ जूनला अमेरिकेने टेस्टचा नियमच काढून टाकला. २० जूनला कॅनडानेही विमानात चढायचा लसीचा नियम थांबवला. नवरा म्हणतो, आपण महिनाभर थांबलो असतो तर. मी म्हटलं, शाळा सुरू झाली आहे, डबा भरायचा आहे, बाजूला हो.